शांतिनिकेतनची वृक्षराजी : उजाड माळावर रुजवलेले विद्यापीठ

पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात, बोलपूर शहराला लागून असलेल्या शांतिनिकेतनात प्रवेश करणाऱ्याला आंबा, साल, बकुळ, आवळा, सातवीण आणि शिरीष यांची अशी दाट सावली भेटते की, विश्वभारती विद्यापीठ एखाद्या जुन्या अरण्यात जागा करून वसवले असावे, असा त्याचा सहज समज होतो. प्रत्यक्षात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी येथे वन नव्हते. वाऱ्यापावसाने झिजलेला, खडे वर आलेला तांबडा माळ होता आणि त्यावर मोजकीच झाडे उभी होती. आज दिसणारी जवळजवळ प्रत्येक सावली कोणीतरी खड्डा खणून, चांगली माती भरून आणि पाणी घालून उभी केलेली आहे. त्यामुळे या संस्थेचा इतिहास इमारतींच्या, ग्रंथांच्या किंवा थोर व्यक्तींच्या अंगाने जसा सांगता येतो, तसाच तो झाडांच्या अंगानेही सांगता येतो, आणि तसा तो सांगितल्यावर अनेक गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

प्रथम जमिनीचा विचार करावा लागतो, कारण पुढचे सगळे तिच्याशी झालेल्या झटापटीतून आलेले आहे. बीरभूमचा पश्चिम भाग छोटा नागपूरच्या पठाराची पूर्वेकडे उतरत गेलेली कड आहे आणि तेथील भूमी लॅटेराइटची, म्हणजे कोकणात ज्याला जांभा म्हणतात त्याच जातकुळीची आहे. उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडक दीर्घकाळ कुजत राहिला की, त्यातील विरघळणारे क्षार पाण्याबरोबर निघून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात आणि तांबड्या, खडेदार थरांची जमीन तयार होते. अशा जमिनीवर सुपीक मातीचा पापुद्रा पातळ असतो. झाडझाडोरा तुटला आणि चराई वाढली की तो टिकत नाही आणि पावसाचे पाणी उघड्या पडलेल्या थरात घळी कोरू लागते. शांतिनिकेतनच्या आसपास या कोरलेल्या घळींना ‘खोवाई’ म्हणतात. माणसाच्या उंचीच्या तांबड्या टेकड्या, त्यांच्यामधून वाहणारे हातभर रुंदीचे ओढे आणि तळाशी पसरलेले गुळगुळीत खडे असे या खोवाईचे रूप असते. ते पाहायला मोहक असले, तरी शेतीच्या दृष्टीने ती मरणपंथाला लागलेली जमीन असते, हे विसरता येत नाही.

अशा माळावर रवींद्रनाथ ठाकूर यांचे वडील, ब्राह्मो समाजाचे नेते महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांची दृष्टी खिळली. जवळच्या रायपूर गावातील सिंह या जमीनदार घराण्याशी त्यांचा स्नेह होता आणि त्यांच्याकडे जात असताना वाटेत सातविणीच्या दोन झाडांखाली ते ध्यानाला बसले, अशी परंपरेने चालत आलेली हकिगत आहे. १८६३ मध्ये त्यांनी याच घराण्याकडून वीस बिघे जमीन, वर्षाला पाच रुपये खंडाने, कायमच्या पट्ट्यावर घेतली; बंगालमधील बिघा साधारण एकतृतीयांश एकराचा असल्याने हे क्षेत्र सात एकरांच्याही आतच भरते. तेथे त्यांनी एक घर बांधले, त्याला ‘शांतिनिकेतन’ हे नाव दिले आणि पुढे तेच नाव साऱ्या परिसराला मिळाले. या भागात पूर्वी वाटमारीची दहशत होती. दरोडेखोरांचा एक वृद्ध सरदार पुढे आश्रमाचा राखणदार झाला, अशी आठवण रवींद्रनाथांनी नोंदवून ठेवली आहे. ती सावली देणारी झाडे एके काळी वाटसरूंना भय वाटावे अशा जागी उभी होती, हे लक्षात घेतले म्हणजे देवेंद्रनाथांनी निवडलेल्या जागेचे धाडस कळते.

बंगालीत ‘छातिम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या झाडाचा येथे थोडा परिचय करून देणे आवश्यक आहे, कारण शांतिनिकेतनच्या जीवनात त्याला मानाचे स्थान आहे. सातवीण किंवा सप्तपर्णी हा सह्याद्रीतही आढळणारा सदाहरित वृक्ष असून त्याची पाने फांदीभोवती बहुधा सातच्या संख्येने चक्राकार येतात, साल तोडल्यास पांढरा चीक निघतो आणि शरद ऋतूत हिरवट-पांढऱ्या फुलांचे घोस आले की रात्री त्यांचा उग्र गंध दूरवर पसरतो. त्याचे लाकूड हलके आणि मऊ असल्याने पूर्वी त्यापासून मुलांच्या लिहिण्याच्या पाट्या केल्या जात. ज्या झाडाखाली पुढे शाळा भरणार होती, त्याचा विद्येशी असा जुना संबंध होता.

देवेंद्रनाथांनी घर बांधून त्यावर समाधान मानले नाही. खडेदार थर खणून काढावा, त्या जागी बाहेरून आणलेली सुपीक माती भरावी आणि मग रोप लावावे, या पद्धतीने त्यांनी बाग तयार करवली. आंबा, फणस, आवळा, साल, मोह, नारळ अशी झाडे या टप्प्यात आली. या यादीकडे बारकाईने पाहिल्यास तिच्यामागचा विचार ध्यानात येतो. साल आणि मोह हे याच पट्ट्यातील रानांचे मूळ रहिवासी, जांभ्याच्या जमिनीशी जुळवून घेणारे आणि उन्हाळ्याचा ताण सोसणारे. आंबा आणि फणस हे बंगालच्या गावोगावच्या परसबागांतले सोबती, ज्यांना खोल माती आणि सुरुवातीची काही वर्षे तरी पाणी लागते. म्हणजे एकाच बागेत जमिनीला मानवणारी झाडे आणि जमीन सुधारल्याशिवाय न जगणारी झाडे एकत्र लावली गेली. कसलीही घाई नसलेला, आपण लावलेल्या झाडाची पूर्ण सावली आपल्याला मिळणार नाही हे जाणणारा माणूसच अशी लागवड करतो.

या प्रारंभीच्या काळाचे विश्वसनीय चित्र रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’ या आत्मचरित्रात सापडते. १८७३ मध्ये, मुंज झाल्यानंतर, अकरा वर्षांचा हा मुलगा वडिलांबरोबर हिमालयाच्या वाटेवर काही दिवस येथे राहिला. कलकत्त्याच्या वाड्यात नोकरांच्या पहाऱ्यात वाढलेल्या मुलाला येथे प्रथमच मोकळे सोडण्यात आले. तो खोवाईच्या घळींत दिवसभर भटके, रंगीबेरंगी खडे गोळा करी आणि ते आणून वडिलांना दाखवी. देवेंद्रनाथांनी तळे खणण्याचे काम काढले होते, परंतु ते अर्धवट राहिले आणि खणलेल्या मातीची एक टेकडी तयार झाली होती. तिच्यावर बसून ते पहाटे उपासना करीत, आणि मुलाने जमवलेले खडे फेकून देण्याऐवजी त्या टेकडीवर रचून ती सजवावी, असे त्यांनी त्याला सुचवले. नारळाच्या एका कोवळ्या झाडाखाली पाय पसरून बसून याच मुक्कामात मुलाने एक वीररसपूर्ण काव्यही लिहिले. मातीचा तो ढीग पुढे ‘तीनपहाड’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि त्यावर वडाने आपला विस्तार मांडला. पाण्यासाठी केलेला, फसलेला एक प्रयत्न आणि त्यावर उगवलेले झाड, ही या परिसराच्या जडणघडणीची अतिशय प्रातिनिधिक खूण आहे.

१८८८ मध्ये देवेंद्रनाथांनी विश्वस्तपत्र करून ही जागा निराकार ईश्वराच्या उपासनेसाठी सर्वांना खुली केली. मूर्तिपूजा, कोणत्याही धर्माची निंदा, मद्यपान, मांसाहार आणि जीवहत्या यांना आवारात मनाई करणारी कलमे त्या पत्रात आहेत. त्यांचा हेतू धार्मिक असला, तरी प्राण्यापक्ष्यांना अभय देणारा नियम एखाद्या उपवनाला किती उपकारक ठरतो, हे सांगायला नको. १८९१ मध्ये रंगीत काचांच्या भिंतींचे उपासना मंदिर उभे राहिले. यानंतरची दहा वर्षे झाडे वाढत राहिली, इतकेच म्हणता येते, आणि उपवनाच्या इतिहासात अशा दशकांचे मोल कमी नसते.

२२ डिसेंबर १९०१ रोजी, म्हणजे बंगाली पौष महिन्याच्या सातव्या दिवशी, रवींद्रनाथांनी येथे ब्रह्मचर्याश्रम नावाची शाळा सुरू केली. विद्यार्थी पाच होते आणि त्यांत त्यांचा मुलगा रथींद्रनाथ हा एक होता. शाळा चालवण्यासाठी रवींद्रनाथांनी पुरीचा बंगला विकला आणि पत्नी मृणालिनीदेवींनी अंगावरचे दागिने दिले. अशा ओढगस्तीच्या संस्थेला वर्गखोल्या बांधणे शक्य नव्हते, ही गोष्ट खरी आहे. तथापि झाडाखाली वर्ग भरवण्यामागे केवळ पैशांची चणचण होती असे मानणे चुकीचे ठरेल, कारण पुढे इमारती झाल्यावरही ती पद्धत मोडली गेली नाही. स्वतः रवींद्रनाथांना कलकत्त्यातील शाळांच्या चार भिंतींत गुदमरल्यासारखे झाले होते आणि त्यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले होते. प्राचीन भारतातील तपोवन, म्हणजे ऋषींचे वनातील आश्रम, जेथे शिक्षण, उपासना आणि निसर्गाचा सहवास एकाच जीवनक्रमाचे भाग होते, ही कल्पना त्यांच्या मनात घर करून होती; १९०९ मधील ‘तपोवन’ या निबंधात तिची मांडणी त्यांनी सविस्तर केली. वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी लावलेली झाडे आता सावली धरण्याइतकी मोठी झाली होती, आणि म्हणूनच ही कल्पना त्यांना कागदावरून जमिनीवर उतरवता आली. देवेंद्रनाथांनी आंबराई लावताना शाळेचा विचार केला नव्हता. परंतु आंबराई नसती, तर बीरभूमच्या उन्हात उघड्यावर शाळा भरवणे कोणाच्याही मनात आले नसते.

अशा वर्गाची रचना बाहेरून अगदी साधी दिसते. मुले आपापली आसने, म्हणजे बसायची चटईवजा बैठक, बरोबर घेऊन येतात आणि झाडाभोवती अर्धवर्तुळात बसतात. शिक्षक बुंध्याशी, थोड्या उंच ओट्यावर बसतात. एक तास संपल्याची घंटा झाली की मुले आसन उचलून दुसऱ्या झाडाखाली, दुसऱ्या विषयाकडे जातात. उन्हाळ्यात बीरभूमचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जात असल्याने दिवस पहाटे सुरू होतो आणि ऊन चढण्याआधी आटोपतो. पाऊस आला की वर्ग उठतो. साप्ताहिक सुटी ब्राह्मो उपासनेच्या वारी, म्हणजे बुधवारी असते. या व्यवस्थेत अडचणी आहेत हे उघड आहे: प्रयोगशाळा, ग्रंथालय, चित्रकला अशा कामांना छप्पर लागतेच, आणि फांदीवर चाललेला बुलबुलांचा कलह शिक्षकाच्या व्याकरणापेक्षा मुलाला अधिक ओढ लावतो. रवींद्रनाथांनी हे विचलन दोष मानले नाही. मुलाचे मन झाडाकडे जाणे हाही शिकण्याचा भाग आहे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते आणि त्याला धरूनच त्यांनी शिक्षक निवडले. विज्ञानाचे शिक्षक जगदानंद राय यांनी मुलांसाठी सोप्या बंगालीत विज्ञानावर पुस्तके लिहिली. तेजेशचंद्र सेन यांची निसर्गाची आवड तर इतकी होती की, त्यांचे मातीचे, गवताने शाकारलेले गोल घर एका ताडाच्या झाडाभोवती बांधले गेले आणि त्याचे खोड छपरातून वर काढण्यात आले. ‘तालध्वज’ नावाचे हे घर आजही उभे आहे. घरासाठी झाड तोडायचे की झाडासाठी घर वाकवायचे, या प्रश्नाचे त्याहून स्पष्ट उत्तर भारतातील कोणत्याही शैक्षणिक आवारात क्वचितच सापडेल.

विद्यार्थी वाढले तशी उपवनाला नावे मिळाली आणि त्या नावांना आठवणी चिकटल्या. आंब्यांच्या बागेला आम्रकुंज म्हणतात, दुतर्फा सालवृक्ष असलेल्या वाटेला शालवीथी, बकुळींच्या रांगेला बकुळवीथी, आणि देवेंद्रनाथांच्या सातविणींच्या जागेला छातिमतला. यांपैकी आम्रकुंज हे सार्वजनिक जीवनाचे सभागृह झाले. नोबेल पारितोषिकाची वार्ता आल्यानंतर २३ नोव्हेंबर १९१३ रोजी कलकत्त्याहून खास गाडीने आलेल्या मान्यवरांनी येथेच रवींद्रनाथांचा सत्कार केला, आणि परदेशाने गौरवल्यानंतर जागे झालेल्या या स्वदेशी कौतुकाला कवीने बरेच कडवट उत्तर दिले. २३ डिसेंबर १९२१ रोजी विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली तीही याच आंब्यांखाली, तत्त्ववेत्ते ब्रजेंद्रनाथ शील यांच्या अध्यक्षतेखाली.

महात्मा गांधींचा या आश्रमाशी आलेला संबंध महाराष्ट्रालाही स्पर्श करून जातो. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मुले १९१४ च्या अखेरीस येथे येऊन राहिली होती आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी त्यांना भेटायला आले, तेव्हा सातारच्या काका कालेलकरांची आणि त्यांची भेट येथेच झाली. कालेलकर त्या सुमारास आश्रमात शिकवत होते. दोनच दिवसांत गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनाची तार आली आणि गांधीजी पुण्याला निघून गेले. ते मार्चमध्ये परतले, तेव्हा स्वयंपाक, झाडलोट आणि भांडी घासणे विद्यार्थी-शिक्षकांनी स्वतः करावे, असा प्रयोग सुरू झाला. तो फार दिवस टिकला नाही, परंतु १० मार्च हा दिवस त्याच्या स्मरणार्थ अजून पाळला जातो आणि त्या दिवशी नोकरांना सुटी देऊन मुले आवार स्वतः स्वच्छ करतात. पुढे कलाभवन या कलाविभागात विनायक मासोजी आणि संगीतात भीमराव शास्त्री अशा मराठी माणसांनी येथे अध्यापन केले. आणि १९७० मध्ये, वयाच्या पन्नाशीत, पु. ल. देशपांडे बंगाली शिकण्यासाठी येथे येऊन राहिले, ज्यातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक मराठीला मिळाले.

देवेंद्रनाथांच्या बागेहून वेगळ्या वळणाची दुसरी बाग ‘उत्तरायण’ या भागात उभी राहिली. रवींद्रनाथ उतारवयात तेथे राहत आणि त्यांच्या बदलत्या मनाप्रमाणे कोणार्क, उदयन, श्यामली, पुनश्च आणि उदीची अशी पाच घरे एकामागून एक बांधली गेली; त्यांतील १९३५ मधील श्यामली हे मातीचे घर खेड्यापाड्यांत स्वस्त निवारा कसा करता येईल, याचा प्रयोग म्हणून बांधले होते. भोवतालची बाग मुख्यतः रथींद्रनाथांनी रचली. त्यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले होते, शिवाय ते सुतारकाम आणि चित्रकला यांतही निपुण होते. त्यामुळे गुलाबाचे वाफे, वेलींचे मांडव, जपानी वळणाची मांडणी आणि छोटे तळे यांत शास्त्र आणि सौंदर्यदृष्टी दोन्ही दिसतात. आश्रमाचे इंग्रज स्नेही विल्यम पिअर्सन यांनी लावलेली एक परदेशी वेल दीर्घ प्रतीक्षेनंतर निळ्या घोसांनी बहरली, तेव्हा रवींद्रनाथांनी तिला ‘नीलमणिलता’ हे नाव दिले आणि तिच्यावर कविता लिहिली. झाडांविषयीच्या त्यांच्या अशा कविता १९३१ मध्ये ‘वनवाणी’ या संग्रहात एकत्र आल्या.

मात्र सुशोभित बागेपुरता हा विषय रवींद्रनाथांनी ठेवला नाही, आणि येथेच शांतिनिकेतनच्या वृक्षकथेतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा येतो. १९२२ मध्ये शेजारच्या सुरुल गावी, कॉर्नेल विद्यापीठात शेतीचे शिक्षण घेतलेल्या लेनर्ड एल्महर्स्ट या तरुण इंग्रजाच्या मदतीने ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू झाले, तेच पुढे श्रीनिकेतन म्हणून प्रसिद्धीस आले. एल्महर्स्टने त्याच वर्षी दिलेल्या एका व्याख्यानात जमिनीची लूट हा विषय मांडला: शहरे खेड्यांतून धान्य, लाकूड आणि माणसे ओढून घेतात, त्या बदल्यात मातीला काहीच परत देत नाहीत, आणि मग मातीबरोबर समाजही नापीक होतो. खोवाईच्या काठावर राहणाऱ्यांना या विधानासाठी वेगळा पुरावा शोधावा लागत नव्हता. आश्रमाच्या कुंपणाआत हिरवाई आणि कुंपणाबाहेर दरवर्षी वाहून जाणारी जमीन, ही विसंगती रवींद्रनाथांना अस्वस्थ करीत होती; झाड लावणे ही माळ्याची नोकरी न राहता सर्वांची सामाजिक सवय व्हावी, यासाठी त्यांनी उत्सवाचा मार्ग निवडला.

१४ जुलै १९२८ रोजी पहिला वृक्षारोपण उत्सव झाला. रथींद्रनाथांच्या पत्नी प्रतिमादेवी यांच्या कुंडीतील बकुळीचे रोप त्यासाठी निवडले गेले. शंखनाद आणि गाणी यांच्या साथीने, फुलांनी सजवलेल्या मुली मिरवणुकीने त्याला घेऊन आल्या. संस्कृत मंत्र म्हटले गेले, रोपाला चंदन आणि माळ वाहण्यात आली आणि रवींद्रनाथांनी त्या प्रसंगासाठी रचलेल्या कविता वाचल्या. क्षिती, अप, तेज, मरुत आणि व्योम या पंचमहाभूतांचे रूप घेतलेली पाच मुले रोपाच्या स्वागताला उभी राहतात, आणि रोप पानाफुलांनी शृंगारलेल्या पालखीतून येते, ही या उत्सवाची ठरलेली पद्धत झाली. त्याच प्रसंगी रवींद्रनाथांनी ‘बलाई’ ही कथा वाचून दाखवली. बागेच्या वाटेवर मधोमध उगवलेल्या काटेसावरीवर जीव जडलेला एक आईवेगळा मुलगा, तो दूर गेल्यावर ते झाड तोडून टाकणारा व्यवहारी काका आणि त्यामुळे अन्नपाणी सोडणारी काकू, एवढेच तिचे कथानक आहे. परंतु वृक्षारोपणाच्या दिवशी वृक्षतोडीची गोष्ट सांगणे, यामागे श्रोत्यांच्या मनाची अचूक जाण होती. दुसऱ्याच दिवशी श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगर धरून जमिनीचे पूजन करण्याचा उत्सव झाला, आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी पुढे त्याचे भित्तिचित्र तेथील भिंतीवर रंगवले.

विवाहात वधूला किंवा राज्याभिषेकात राजाला मिळावा तो मान एका वीतभर रोपाला देण्यात कवीची हौस होती, असे कोणाला वाटू शकेल. त्यामागचा हिशेब मात्र फार व्यावहारिक आहे. झाड लावणे सोपे असते आणि जगवणे कठीण. ज्या रोपाला शंभर लोकांनी गाणी म्हणत आणले, त्याला पाणी घालायचे विसरणे त्या शंभरांना जड जाते. १९३८ मधील ‘अरण्यदेवता’ या भाषणात रवींद्रनाथांनी माणसाच्या लोभामुळे उजाड झालेल्या जमिनीचा आणि उन्हाच्या वाढत्या दाहाचा थेट संबंध जोडला. वनसंरक्षणाचा विषय येथे उत्सवाच्या रूपाने दरसाल उच्चारला जात होता. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, बंगाली पंचांगाप्रमाणे श्रावण महिन्याच्या बाविसाव्या दिवशी, रवींद्रनाथांचे निधन झाले. त्यानंतर वृक्षारोपणाचा उत्सव त्यांच्या स्मृतिदिनी होऊ लागला आणि तो शिरस्ता आजही कायम आहे.

या उपवनाने कलेलाही आकार दिला. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३५ मध्ये निलगिरीच्या उंच, सडपातळ झाडांमध्ये तशीच उंच, सडपातळ स्त्रीमूर्ती उभी केली. नंदलाल बोस यांनी तिच्या डोक्यावर पात्र ठेवण्याचे सुचवल्यावर ती बुद्धाला खीर देणारी सुजाता झाली. खोडांच्या रांगेत ती मूर्ती इतकी मिसळून जाते की, प्रथम झाडच दिसते आणि मग माणूस. १९३८ मधील ‘संथाळ कुटुंब’ हे त्यांचे शिल्प याहून बोलके आहे. कामाच्या शोधात बिऱ्हाड पाठीशी घेऊन निघालेले संथाळ जोडपे, कावडीत बसलेले मूल आणि बरोबर चालणारा कुत्रा, असा हा मनुष्याकृतीहून मोठा समूह उघड्यावर, झाडांच्या सान्निध्यात उभा आहे. संगमरवर आणि कासे परवडत नव्हते; म्हणून रामकिंकरांनी सिमेंटमध्ये तेथलेच तांबडे जांभ्याचे खडे कालवले आणि ते मिश्रण लोखंडी सांगाड्यावर थापून आकृती घडवल्या. मूर्तींच्या अंगावर आजही ते खडे मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. ज्या खड्यांना बाजूला सारून देवेंद्रनाथांनी झाडे लावली आणि जे रवींद्रनाथांनी लहानपणी गोळा केले, त्याच खड्यांतून आधुनिक भारतीय शिल्पकलेतील ही अग्रगण्य कृती घडली आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले आणि आश्रमाचे प्रमाण बदलले. विभाग वाढले, वसतिगृहे आली, पर्यटकांचा ओघ सुरू झाला. जुन्या वृक्षांना याची किंमत मोजावी लागते, कारण हजारो पावलांनी तुडवलेली माती घट्ट होते, तीत हवा आणि पाणी मुरत नाही आणि मुळे गुदमरतात; आंब्यासारख्या वृक्षाला वरून कितीही जपले, तरी खालची माती मोकळी नसेल तर तो खंगत जातो. वादळे आणि वार्धक्य यांनीही आपला वाटा घेतला आहे. देवेंद्रनाथांच्या मूळ दोन सातविणी कधीच्याच गेल्या. छातिमतल्यावर आज उभी असलेली झाडे त्यांच्या जागी नंतर लावलेली आहेत. पौष महिन्याच्या सातव्या दिवशी पहाटे त्यांच्याच सावलीत प्रार्थना होते आणि जमलेल्यांना ती उसनी वाटत नाही.

कुंपणाबाहेरच्या खोवाईवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर सोनाझुरीची लागवड झाली. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग आणि न्यू गिनी येथील बाभूळकुळातील झाड आहे. ते निकृष्ट जमिनीत झपाट्याने वाढते, हवेतील नत्र मुळांवाटे मातीत आणते आणि धूप थोपवते. पिवळ्या फुलांच्या झुपक्यांनी लहडलेले सोनाझुरीचे वन आता शांतिनिकेतनची ओळख बनले आहे आणि तेथे हस्तकलेचा बाजारही भरतो. परंतु एकाच जातीचे, एकाच वयाचे वन आणि देवेंद्रनाथांची मिश्र बाग यांत मोठा फरक आहे. सोनाझुरीखाली पडलेला जाड पाचोळा लवकर कुजत नाही आणि त्याखाली इतर रोपांना डोके वर काढणे अवघड जाते. धूप रोखण्याचे तातडीचे काम या झाडाने केले, यात शंका नाही. आता सोनाझुरीच्या झाडांमध्ये साल, मोह, पळस, अर्जुन अशी येथली झाडे आणण्याचे संथ काम व्हायला हवे, आणि ते एखाद्या विद्यापीठासारख्या दीर्घायुषी संस्थेनेच हाती घेण्याजोगे आहे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी रियाध येथील अधिवेशनात युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सुमारे ३६ हेक्टरांच्या या वारसाक्षेत्रात मंदिर, उत्तरायणची घरे, भित्तिचित्रे आणि शिल्पे यांच्याबरोबर उद्याने आणि मोकळ्या जागाही येतात, ही बाब विशेष आहे. इमारतीचा वारसा जतन करायचा म्हणजे ती होती तशी ठेवायची, असे धोरण आखता येते. उपवनाला ते लागू पडत नाही, कारण आम्रकुंजातील आंबे जसेच्या तसे ठेवणे कोणाच्याच हाती नाही. तेथे जतन करायची असते ती लावण्याची, जगवण्याची आणि मेलेल्याच्या जागी नवे लावण्याची रीत, आणि त्यासाठी माळी, रोपवाटिका आणि पाणी यांची तरतूद दरवर्षी करावी लागते.

विद्यापीठाच्या एका बदलत्या प्रथेतून हा विचार तेथे रुजल्याचे दिसते. पदवीदान समारंभात स्नातकाला पदवीबरोबर सातविणीची पाने देण्याची पद्धत रवींद्रनाथांपासून चालत आली आहे. विद्यार्थी थोडे होते तोवर त्यात काही अडचण नव्हती. संख्या हजारांवर गेल्यावर मात्र प्रत्येकाला पाने द्यायची तर झाडे ओरबाडली जाऊ लागली. तेव्हा अलीकडे कुलपती एकच पर्ण कुलगुरूंच्या हाती देतात, कुलगुरू ते सर्व स्नातकांच्या वतीने स्वीकारतात आणि बाकीची पाने झाडावर राहतात.